यंदा काही खरं नाही

"समजा, मी हॉलंडहून आलोय," कुलथे साहेब म्हणाले आणि त्यांनी खिशातला गॉगल काढून डोळ्यांवर चढवला. "मी मोठा खरेदीदार आहे. मी तुम्हाला विचारतो, यंदा पीक कसं आहे? काय सांगाल?"

सोसायटीच्या सभागृहात डाळिंबवाले बसले होते. कुणी छताकडे बघितलं, कुणी शेजाऱ्याकडे. शेवटी पहिल्या रांगेतले यमगर तात्या उठले आणि त्यांनी टोपी सारखी केली.

"काय खरं न्हाय सायेब."

कुलथेंनी गॉगल काढला. "तात्या, काल मी तुमची बाग बघून आलोय. फळांच्या ओझ्यानं फांद्या मोडतील म्हणून तुम्ही बांबूचे टेकू दिलेत!"

"टेकू दिल्यात म्हंजे झाड दमलंय की."

"दमलं नाही, लगडलंय! तेच सांगायचं. बोला माझ्याबरोबर, यंदा पीक उत्तम आहे."

"यंदा पीक..." तात्या अडखळले. त्यांनी घसा खाकरला, मागे वळून बघितलं, पुन्हा प्रयत्न केला. "यंदा पीक बरं म्हणायचं, पण ऱ्हातंय का ते बघायचं." आणि घाम पुसत खाली बसले.

कुलथेंनी माझ्याकडे बघितलं. मी कोपऱ्यात माझी कागदपत्रं घेऊन बसले होते. "डॉक्टर, तुम्ही तरी यांना सांगा."

"पीक चांगलंच आहे," मी म्हणाले. "मी बागा तपासल्यात. पण हे लोक तसं म्हणणार नाहीत."

"का?"

या प्रश्नाचं उत्तर सगळ्या सभागृहाला माहीत होतं, फक्त कुलथेंना नव्हतं. ते कोल्हापूरचे. तिथे माणूस स्वतःच्या म्हशीचं कौतुक चारचौघांत करू शकतो. आमच्याकडे माणदेशात तसं करत नाहीत. पीक चांगलं आहे असं व्यापाऱ्याला कळलं की तो भाव पाडतो. पाहुण्याला कळलं की तो उसने मागतो. आभाळाला कळलं तर ते काय करेल याचा विचारही कुणी करत नाही. म्हणून भरल्या बागेत उभं राहून 'गेलं सगळं' म्हणायचं, अशी रीत. जितकी बाग जोरात तितका आवाज पडेल.

या विद्येत चेअरमन अण्णा मेटकरींचा हात धरणारा कुणी नव्हता. अण्णांचं रडणं ऐकायला लोक मुद्दाम थांबत. एका वर्षी त्यांनी नवा ट्रॅक्टर घेतला तेव्हा त्या ट्रॅक्टरवर बसूनच ते सगळ्या गावाला 'बुडालो' असं सांगत फिरले होते. मी इथे आल्याच्या पहिल्या वर्षी त्यांच्या बोलण्यावर विश्वास ठेवून, काळजीनं सुट्टी अर्धवट सोडून त्यांच्या बागेत धावत गेले होते. तिथे एकेक फळ माझ्या दोन्ही मुठींएवढं. अण्णांनी मला त्यातलं सगळ्यात मोठं तोडून दिलं आणि म्हणाले, "बघा म्याडम, काय अवस्था झालीया."

त्या दिवशी मात्र अण्णा मागच्या बाकावर गप्प बसून होते.

"अण्णा, तुम्ही चेअरमन," कुलथे काकुळतीला आले. "गट तुम्ही बांधलात. पाहुणे पहिल्यांदा तुम्हालाच विचारणार. तुम्ही तरी."

"बघू की," अण्णा म्हणाले आणि उठून चपला घालायला लागले.

कुलथे हे जिल्ह्याच्या निर्यातवाढीसाठी नेमलेले अधिकारी. भला माणूस, पण त्यांना घोषवाक्यांची सवय होती. आमच्या तालुक्यासाठी त्यांनी 'माणदेशी माणिक, जगाच्या ताटात' असं वाक्य तयार करून त्याची माहितीपुस्तिका छापली होती. मुखपृष्ठावर पृथ्वीचा गोल होता आणि त्यातून डाळिंब फुटून बाहेर आलं होतं. पृथ्वीला काहीतरी रोग झाल्यासारखं ते दिसत होतं. पण मी वनस्पतींच्या रोगांची अभ्यासक असल्यामुळे मला सगळीकडे रोगच दिसतात, असं कुलथे म्हणत.

गंमत बाजूला ठेवली तर गोष्ट साधी होती. एका डच कंपनीला डाळिंबाचे दाणे सोलून, गोठवून युरोपात पाठवायचा कारखाना काढायचा होता. जागा दोन निवडल्या होत्या, एक आमच्या तालुक्यात, दुसरी पलीकडच्या जिल्ह्यात. या भेटीनंतर त्यांतली एक ठरणार होती. कारखान्याजवळ रोगतपासणीची प्रयोगशाळा हवी ही त्यांची अट, आणि ती प्रयोगशाळा म्हणजे आमचं संशोधन उपकेंद्र. दोन खोल्या, एक सूक्ष्मदर्शक आणि गळकं बेसिन. कारखाना आला तर त्याला नवं रूप येणार होतं. नाही आला तर मार्चनंतर ते बंद करायचं जवळजवळ ठरलं होतं, आणि मी विद्यापीठात परत जाऊन मुलांच्या उत्तरपत्रिका तपासणार होते.

मला परत जायचं नव्हतं. मी इथे तेल्यासाठी आले होते. डाळिंबावर तेलाचा थेंब सांडावा तसा काळपट डाग पडतो, मग डागाजागी फळ तडकतं. जिवाणूचा रोग. पावसाच्या शिंतोड्यांनी पसरतो, कात्रीनं पसरतो, माणसाच्या कपड्यांनी पसरतो. एकदा बागेत मुरला की बाग तोडून जाळणं एवढाच इलाज. त्या वर्षी दसऱ्यानंतर अवेळी पाऊस झाला होता, म्हणून मी बागोबाग पानं गोळा करत हिंडत होते. अण्णांकडे दोनदा गेले. दोन्ही वेळा त्यांच्या बायकोच्या, काकींच्या हातचा चहा मला फाटकातच मिळाला आणि "उद्या या" असं उत्तर.

पाहुणे आले तो दिवस कुलथेंनी अंगात आल्यासारखा साजरा केला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना चुना, कमानीवर केळीचे खुंट, सनईची ध्वनिफीत. झाडांना दृष्ट लागू नये म्हणून टांगलेल्या जुन्या चपला आदल्या दिवशी सगळ्या बागांतून काढायला लावल्या होत्या. "परदेशी माणूस काय म्हणेल, यांच्या झाडांना चपला लागतात?"

पाहुण्यांची प्रमुख बाई साठीच्या आसपासची, उंच, नाव हेल्मा. पायात चिखलात चालायचे जाड बूट. तिच्या डोक्यावर फेटा बांधताना बांधणाऱ्याला खुर्चीवर चढावं लागलं. मग शाल, मग श्रीफळ, मग दुसरी शाल, कारण पहिली सोसायटीची होती आणि ही पंचायत समितीची. हेल्मानं नारळ दोन्ही हातांत धरला आणि पुढे कुठे ठेवायचा ते न कळल्यामुळे सबंध कार्यक्रमभर मांडीवर घेऊन बसली.

दुभाषी मी होते. कुलथेंनी मला आधीच बजावलं होतं, "डॉक्टर, जरा सांभाळून भाषांतर करा."

"म्हणजे?"

"म्हणजे आशय पोचवा."

"वाक्य पोचवलं की आशय आपोआप पोचतो," मी म्हणाले. ते सुस्कारा सोडून निघून गेले.

माझं सादरीकरण सुरुवातीला झालं. तालुक्यात तेल्या आहे, किती बागांत आहे, किती बागांत नाही, हे मी आकड्यांसकट सांगितलं. कुलथेंनी पडद्यावरची ती आकड्यांची चौकट काढून टाका म्हणून दोनदा सुचवलं होतं. मी काढली नव्हती. हेल्मानं तेवढ्याच चौकटीवर नारळ बाजूला ठेवून काहीतरी लिहून घेतलं.

मग तिनं शेतकऱ्यांशी बोलायचं ठरवलं. रांगेतून एकेकापुढे जायची आणि विचारायची, पीक कसं आहे?

"काय सांगायचं बाई, पाण्यानं मारलं," एक जण म्हणाला. मी सांगितलं.

"आन् पाणी न्हाय म्हणूनबी मारलं," त्याचा भाऊ म्हणाला. तेही सांगितलं. हेल्मानं भुवया उंचावल्या.

"फळ हाय, पण त्यात दम न्हाय."

"दम हाय, पण भाव न्हाय."

"औंदा सोडाच. फुडल्या वर्साला या."

हे शेवटचं वाक्य मी सांगत असताना कुलथेंनी मागून माझ्या टाचेवर बूट ठेवला. मी पाय काढून घेतला आणि वाक्य पूर्ण केलं.

यमगर तात्यांनी तर कमाल केली. तालीम आठवून त्यांनी छाती पुढे काढली, "यंदा पीक" इथपर्यंत खणखणीत आवाजात आले, आणि मग त्यांचा धीर सुटला. "गेलं," ते म्हणाले. "हातचं गेलं."

रांगेच्या शेवटी अण्णा मेटकरी उभे होते. पांढरंशुभ्र धोतर, कडक इस्त्रीचा सदरा, चेहरा एकदम तुकतुकीत. हेल्मानं हात जोडले. पीक कसं आहे?

"झ्याक!" अण्णा म्हणाले.

सगळे वळून बघायला लागले.

"एक नंबर हाय. असं पीक मी जन्मात बघितलं न्हाय. सांगा म्याडम त्येंना, लाल म्हंजे निस्ता लाल. कारखाना काढा. माल कमी पडला तर अण्णा मेटकरीचं नाव सांगा."

मी सांगितलं. शब्दाला शब्द. पण सांगताना मी एकदा अडखळले. मी वैतागले, कारण त्याचं कारण मला समजत नव्हतं. मोजमापाचा काटा अचानक भलतीकडे गेला की जसं होतं तसं.

कुलथेंच्या डोळ्यांत पाणी आलं. "शिकवलेलं वाया गेलं नाही," ते माझ्या कानात म्हणाले.

हेल्मा हसली. "मला यांचीच बाग बघायची आहे," ती म्हणाली.

कार्यक्रमपत्रिकेत आधी यमगर तात्यांची बाग होती, पण पाहुण्यांची इच्छा म्हटल्यावर कुलथेंनी गाड्या वळवल्या. मी अण्णांबरोबर पुढच्या जीपमध्ये.  सबंध वाटेत ते दोन्ही हातांनी समोरचा दांडा धरून बसले होते, जीप जणू तेच ओढत होते.

"अण्णा, बरं आहे ना?"

"झ्याक," ते म्हणाले.

अण्णांची बाग लांबूनच दिसली. उन्हानं फळ करपू नये म्हणून आमच्याकडे झाडांवर जुन्या साड्या टाकतात. व्यापारी त्या वजनावर विकतो. पण अण्णांनी यंदा एकही झाड उघडं ठेवलं नव्हतं. हिरव्या, अंजिरी, पिवळ्या, फुलाफुलांच्या, जरीच्या. सबंध माळ नटून थटून कुणाच्या तरी लग्नाला निघाल्यासारखा. मागच्या गाडीतून पाहुणे उतरले आणि रस्त्यावरूनच फोटो काढायला लागले. "सुंदर! सुंदर!" कुलथे म्हणत होते, "ही आमची परंपरा!"

अण्णा फाटक उघडायला पुढे गेले. मी त्यांच्यामागे. फाटकाच्या कडी-कोयंड्याशी त्यांचे हात बराच वेळ खेळत राहिले. कोयंडा सोपा होता.

कुंपणाला लागून पहिलं झाड होतं, त्यावर जांभळी साडी. मी खिशातलं पेन काढलं आणि कुंपणाबाहेरूनच त्याच्या टोकानं पदर जरासा वर केला.

आत पानंच नव्हती फारशी. फळं होती. प्रत्येक फळावर काळा, ओलसर डाग, आणि डागाच्या मधोमध फळ तडकून गेलेलं. फांदीवरही डाग. दुसऱ्या झाडाचा पदर वर करायची गरज नव्हती, पण मी केला. माझं शिक्षणच तसं आहे. तिथेही तेच.

मागे वळले तर अण्णा माझ्याकडे बघत होते. त्यांनी डोळे मिटले आणि उघडले. एवढंच.

रस्त्यावरून पावलांचा आवाज जवळ येत होता. हेल्माचे जड बूट. आत गेली तर पहिलाच पदर उचलेल, मला तिचा स्वभाव कळला होता. आणि मग अख्ख्या तालुक्यासमोर, सोसायटीच्या चेअरमनच्या बागेत, त्याच्या शब्दाचं काय होईल ते स्पष्ट होतं. त्यानंतर ती इतर कुणाच्या बागेत कशाला जाईल?

मी फाटकाच्या मध्ये उभी राहिले.

"एक अडचण आहे," मी हेल्माला म्हणाले. "आज तुम्हाला एकच बाग बघता येईल. इथे आत गेलात तर याच कपड्यांत, याच बुटांत मी तुम्हाला दुसऱ्या कुठल्याही बागेत पाऊल टाकू देणार नाही. रोग असाच पसरतो. ही किंवा यमगरांची. तुम्ही ठरवा."

"डॉक्टर!" कुलथे ओरडले.

"नियम आहे," मी म्हणाले. नियम होता. मी स्वतःच केलेला, पण होता. मी एकही शब्द खोटा बोलले नाही, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगू शकते. फक्त कुठले शब्द बोलायचे ते निवडले.

हेल्मानं माझ्याकडे बघितलं. मग आपल्या बुटांकडे. मग फाटक धरून उभ्या असलेल्या अण्णांकडे, आणि त्यांच्या पाठीमागच्या त्या रंगीत माळाकडे.

"यांची तर चांगलीच आहे," ती म्हणाली. "यांनी सांगितलंच आहे मला. ज्यांचं सगळं गेलं, त्यांची बघू."

मी पेन फाटकापाशी टाकून दिलं, हात स्पिरिटनं पुसले आणि गाडीत बसले. अण्णा आले नाहीत. "तुम्ही व्हा फुडं," म्हणाले. तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की गेला महिनाभर अण्णांना कुणाच्याही बागेत बघितलेलं नाही. एरवी हा माणूस दर आठवड्याला प्रत्येकाच्या बांधावर हजर असे.

यमगर तात्यांच्या बागेत शिरताना माणसाला वाकावं लागत होतं. फांद्या फळांनी जमिनीला टेकल्या होत्या. तात्या बांबूच्या टेकूला धरून, डोक्यावर चार-पाच लालबुंद फळं टेकलेली, अशा अवस्थेत उभे होते.

"बघा, कसं गेलं सगळं," ते म्हणाले.

हेल्मानं वर बघितलं. खाली बघितलं. माझ्याकडे बघितलं. तेवढ्यात तिला आतल्या एका झाडावर जुनी चप्पल दिसली. तात्यांनी कुलथेंच्या माघारी परत टांगली होती.

"हे काय?"

कुलथे माझ्या आधी म्हणाले, "पक्षी घालवायला."

"कौतुक लागू नये म्हणून," मी सांगितलं. "इथे चांगल्या गोष्टीला चांगलं म्हणत नाहीत. म्हटलं तर ती जाते, असं समजतात."

 हेल्मानं एक फळ तळहातावर तोललं, तात्यांकडे गंभीरपणे बघून मान हलवली आणि म्हणाली, "फार वाईट. भयंकर. मी इतकं वाईट पीक कुठेच बघितलेलं नाही."

मी भाषांतर केलं. त्या दिवशी पहिल्यांदाच तात्यांच्या चेहऱ्यावर हसू फुललं. "बाईला शेतीतलं कळतंय," ते म्हणाले, आणि तिला निघताना सगळ्यात मोठी पेटी दिली.

गाडीत बसताना हेल्मा मला म्हणाली, "आणि ते पहिले गृहस्थ..." मी वाट बघितली. तिनं वाक्य पुरं केलं नाही. काच वर केली आणि नारळ मांडीवर घेतला.

पाहुणे गेल्यावर मी परत अण्णांकडे गेले. ते फाटकाच्या आतल्या दगडावर बसले होते, काकी शेजारी उभ्या. माझ्यासाठी चहा तयारच होता, फाटकाबाहेर.

"कधी वळखलंसा?" अण्णांनी विचारलं.

"पदर उचलल्यावर."

"ह्यो आज काय बोलणार त्ये मला सकाळीच कळलं," काकी म्हणाल्या. "ह्यो गडी आरशापुढं हुबा ऱ्हाऊन 'झ्याक, झ्याक' म्हणत हुता.  लगीन झाल्यापास्नं ह्येच्या तोंडातनं कधी चांगला शब्द आला न्हाय. माझ्या पोरीच्या बारशाला म्हणाला हुता, 'हाय आपलं कसंतरी.' "

"गप ये," अण्णा म्हणाले. पण हसले.

"मला का सांगितलं नाहीत?" मी म्हणाले. "दोनदा आले मी. सुरुवातीला कळलं असतं तर थोडी झाडं वाचली असती कदाचित."

अण्णांनी चहाची बशी खाली ठेवली.

"सांगणार हुतो. एकदा बसस्टँडवर यमगराला सांगितलंबी. म्हणलं, तात्या, बाग गेली रं. तर त्यो म्हणाला, 'व्हय अण्णा, माझीबी गेली,' आन् हासून एसटीत चढला." ते माझ्याकडे न बघता बोलत होते. "दुसऱ्या दिवशी सोसायटीत सांगितलं. समद्यांनी टाळ्या दिल्या. म्हणाले, यंदा अण्णाला लई पैसा हुणार. म्याडम, आयुष्यभर मी चांगल्याला गेलं गेलं म्हणलं. आता खरंच गेलं तर म्हणायला शबुदच ऱ्हायला न्हाय माझ्यापाशी."

 मला एकच सुचलं, आणि ते मी बोलले. "सगळी तोडावी लागेल. जाळावी लागेल. आणि जमीन काही काळ तशीच ठेवायची."

"ठावं हाय."

"मग कारखान्यासाठी एवढा जोर का लावलात? तुमच्याकडे द्यायला एक फळ नाही."

"मी चेअरमन हाय," अण्णा म्हणाले, जणू मी फार बिनडोक प्रश्न विचारला होता. "फळ यमगराकडं हाय की. आन् तुमची लॅब ऱ्हाईल. पुन्हा लावायची झाली तर रोपं तपासायला माणूस नको का गावात?"

बाग तोडायला सुरुवात झाली तेव्हा कुठे सगळ्यांना कळलं. लोक येऊन फाटकाबाहेर उभे राहत. आत मी कुणाला सोडत नव्हते. यमगर तात्या सगळ्यात जास्त वेळ उभे राहिले.  दुसऱ्या दिवशी त्यांनी मजुरांच्या जेवणाची पाटी पाठवून दिली, आणि त्यानंतर सगळं संपेपर्यंत रोज. साड्या काकींनी एकत्र करून झाडांबरोबर जाळल्या. जरीच्या होत्या त्या जळताना हिरव्या दिसल्या. त्यातल्या तांब्यामुळे, हे मी कुणाला सांगितलं नाही.

कारखाना आम्हाला मिळाला. कुलथे पेढे घेऊन उपकेंद्रात आले आणि गळक्या बेसिनला बादली लावलेली बघून म्हणाले, "आता हे नवं बसणार!" मग त्यांनी कंपनीबरोबरच्या बैठकीतली हकिकत सांगितली. पलीकडच्या जिल्ह्यात प्रत्येक शेतकऱ्यानं पीक उत्तम असल्याचं सांगितलं होतं, पाठ करून, एका सुरात. हेल्माला ते पटलं नाही. आमच्याबद्दल मात्र ती म्हणाली होती, की इथले लोक आपला माल फुगवून सांगत नाहीत. बागेत असतं त्यापेक्षा कमीच सांगतात. अशा लोकांबरोबर काम करता येतं. आणि रोगाचा आकडा विचारायच्या आधीच सांगतात.

"फक्त एवढंच म्हणाल्या," कुलथे खट्याळपणे पुढे वाकले, "की चेअरमन जरा बढाईखोर दिसतात. आता बोला! ज्यानं माझं शिकवणं मनावर घेतलं तोच नापास!"

हेल्माला काय कळलं होतं आणि काय नाही, ते मला आजतागायत माहीत नाही. कारखान्याच्या उद्घाटनाला ती आली होती. तिनं अण्णांना वाकून नमस्कार केला आणि पीक कसं आहे असं अजिबात विचारलं नाही.

बढाईखोर ही पदवी अण्णांना फार आवडली. ते ती ज्याला त्याला सांगायचे. "परदेशातनं मिळालीया," म्हणायचे. जमीन मोकळी होती तेवढ्या काळात त्यांनी तिथे ताग घेतला, बाजरी घेतली. त्या दिवसांत कुणी विचारलं की "बरं हाय" म्हणायचे, आणि विचारणारा विषय बदलायचा. मीही.

मग एका हिवाळ्यात आमच्या उपकेंद्रातून तपासून दिलेली रोपं लावली. ती वाढली. त्यांना पहिला बहार धरायची वेळ आली तेव्हा मला त्यांच्या बांधावर रोजच जावंसं वाटायचं, आणि मी जाणूनबुजून गेले नाही. पानं गोळा करायला सहायकाला पाठवत राहिले, त्याचे अहवाल स्वच्छ होते. पण अहवाल वेगळे आणि अण्णांच्या तोंडून ऐकणं वेगळं.

ऑक्टोबरच्या कडक उन्हात एकदा तालुक्याहून परतताना जीप त्या वाटेनं आली. माळावर पुन्हा साड्या. अण्णा फाटकाशी उभे होते, आता काठी घेऊन. फाटकावर नवी कोरी चप्पल टांगलेली.

मी जीप थांबवली. "अण्णा, कसं काय यंदा?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग काठी बगलेत घेतली, दोन्ही हात कपाळाला लावले आणि असा काही सुस्कारा सोडला की माझा ड्रायव्हर घाबरून खाली उतरला.

"काय सांगू म्याडम," ते म्हणाले. "गेलं. पार गेलं. ह्या वर्षी काय म्हंजे काय खरं न्हाय."

आतून काकींचा आवाज आला, "आवो, म्याडमना आत तरी बोलवा!"

"कशाला?" अण्णा ओरडले. "काय बघायला ठेवलंय हितं?"

फाटकाला लागून पहिलं झाड होतं, त्यावर पिवळी साडी. ती वाऱ्यानं हलत होती. माझ्या खिशात पेन होतं. मी पदर उचलून बघितला नाही.

"वाईट झालं, अण्णा," मी म्हणाले, आणि जीपमध्ये बसले.